वाचक विचारतात: दोन ट्रायलच्या मधला वेळ

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की धातूच्या धंद्यात कार्बन कमी करायचा तर नवीन माल आणि नवीन पद्धत डेव्हलप करायचा वेग वाढवावा लागेल, आणि त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. सगळी घेता येत नाहीत, पाच घेतो.

प्रश्न: नमस्कार सर. आमची फाउंड्री आहे, वडिलांनी कपोलावर (कोकवर लोखंड वितळवायची उभी भट्टी) सुरू केली, आता कपोला पण आहे आणि एक इंडक्शन (विजेची भट्टी) पण. पाइप फिटिंगचा माल एका ट्रेडरमार्फत युरोपला जातो. आता ते दर पत्रात दोन गोष्टी विचारतात, एक म्हणजे टनामागे कार्बन किती आणि दुसरं म्हणजे नवीन फिटिंगचं सँपल चार आठवड्यांत द्या. आम्हाला सँपल पास व्हायला तीन-साडेतीन महिने लागतात. कपोला बंद करून टाकू का? भाऊ म्हणतो कर्ज काढू, मी म्हणतो थांब.
— एक फाउंड्रीवाले, शिरोली

उत्तर: दादा, तुम्ही थांब म्हणालात ते बरं केलंत. आधी हिशोब करू, मग कर्ज.

इंडक्शनवर एक टन लोखंड वितळायला साधारण ६०० युनिट वीज धरा. आपल्या ग्रिडची वीज एका युनिटमागे जवळपास ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे झाले ४२० किलो. कपोलात १२ टक्के कोक जात असेल तर टनाला १२० किलो कोक, किलोमागे ३ किलोच्या आसपास धरला तर ३६० किलो. बघा, कपोला जास्त निघायला पाहिजे होता ना? नाही निघाला. (कोक तयार करताना जो धूर होतो तो यात धरलेला नाही, धूळ आणि गंधकाचा त्रास वेगळा, आणि एसजी आयर्न, म्हणजे न तुटता वाकणारं ओतीव लोखंड, कपोलावर करायचं म्हणजे डोक्याला ताप हे तुम्हाला मी काय सांगू.) म्हणजे ग्रिडची वीज घेऊन नुसती भट्टी बदलली तर हवेत जाणारा कार्बन फारसा हलत नाही. ओपन ॲक्सेसची, म्हणजे थेट उत्पादकाकडून विकत घेतलेली, सोलर वीज घेतली तर चित्र बदलतं.

पण युरोपचा जो कार्बन कर आहे, सीबॅम म्हणतात तो, त्याची मोजायची रीत वेगळी आहे आणि इथेच लोक फसतात. लोखंड-पोलादासाठी त्यांनी सध्या फक्त थेट उत्सर्जन धरलंय, विजेचं धरलेलं नाही. १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला, त्याआधी १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. कर भरतो तिकडचा आयात करणारा, पण आकडे मागतो तुमच्याकडे, आणि वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्याला सूट आहे, तर आधी ट्रेडरला विचारा की तुमचा गिऱ्हाईक त्यात बसतो का. पाइप फिटिंग आणि नट-बोल्ट यादीत आहेत. या रीतीने तुमची इंडक्शन जवळजवळ शून्य दिसते आणि कपोला दिसतो. पण ट्रेडरचा गिऱ्हाईक स्वतःच्या कंपनीच्या अहवालासाठी आकडा मागत असेल तर तिथे वीज पण मोजतात. म्हणून पत्राला उत्तर द्यायच्या आधी विचारा, नेमका कुठला आकडा पाहिजे.

आणि खरा मुद्दा भट्टीचा नाहीच. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, पिग आयर्न (ब्लास्ट फर्नेसमध्ये धातुकापासून काढलेलं कच्चं लोखंड) किती टाकता? पिगच्या एका टनामागे दीड-दोन टन कार्बन आधीच झालेला असतो आणि सीबॅममध्ये तो तुमच्या मालाच्या अंगावर येतो, भंगार मात्र शून्य धरतात. चार्जमध्ये ३० टक्के पिग असेल तर टनाला ४५० ते ६०० किलो तिथेच आले, म्हणजे वितळवण्यापेक्षा जास्त. तेव्हा पहिलं काम, इंडक्शनवर पिग कमी करून स्टील भंगार आणि त्यात कार्बुरायझर (कार्बन वाढवणारी पूड) असा चार्ज बसवणं. एकदम नका करू, १० टक्क्यांच्या पायरीने उतरा, प्रत्येक पायरीला वेज (पाचरीसारखा ओतलेला छोटा नमुना) तोडून चिल, म्हणजे आतला पांढरा कडक भाग, बघा, टेस्ट बार ओता, इनॉक्युलेशन (चिल कमी करायला ओतताना घालायची पूड) वाढवावं लागेल आणि स्वस्त कार्बुरायझरमधून नायट्रोजन येतो त्याने जाड भागात भेगांसारखी छिद्रं पडतात, तर गोणीवरचा नायट्रोजन बघूनच घ्या.

आता सँपलचे साडेतीन महिने. मी तुमची फाउंड्री बघितलेली नाही पण पैजेवर सांगतो की त्यात प्रत्यक्ष ओतणं-थंड होणं-फेटलिंग (घासून साफ करणं) हे सगळं मिळून आठवडाही नसेल. बाकीचा वेळ वाट बघण्यात जातो. पॅटर्नवाल्याची (साचा पाडायचा नमुना करणाऱ्याची) वाट, मग ट्रायलला लाइनमध्ये जागा मिळायची वाट कारण रोजचं प्रॉडक्शन थांबवायला सुपरवायझर तयार नसतो, मग कापून बघितलं तर श्रिंकेज (गोठताना आत पडलेली पोकळी), मग पॅटर्न परत पॅटर्नवाल्याकडे. माझ्या जुन्या नोकरीत एका हाउसिंगसाठी आम्ही सहा ट्रायल घेतल्या, पाच महिने गेले, शेवटी मी रजिस्टर घेऊन बसलो आणि मोजलं तर भट्टी त्या मालासाठी एकूण नऊ तास चालली होती. नऊ तास! बाकी पाच महिने आम्ही फोन करत होतो.

त्यामुळे पैसा घालायचाच असेल तर त्या मधल्या वेळात घाला. सॉलिडिफिकेशनचं, म्हणजे धातू गोठण्याचं, सिम्युलेशन पॅटर्न बनवायच्या आधी करा, आयआयटी मुंबईत तयार झालेलं ऑटोकास्ट आहे, परदेशी पण आहेत, सॉफ्टवेअर घ्यायला नको वाटत असेल तर जॉबवर करून देणारे मिळतात. श्रिंकेज आधी स्क्रीनवर येऊ द्या. अवघड कोअर (मालातली पोकळी करणारा वाळूचा गाभा) असेल तर पहिल्या दोन-चार नगांसाठी कोअर बॉक्स न करता वाळूचं थ्रीडी प्रिंटिंग करून घ्या, नग महाग पडतो पण कोअर बॉक्स दोनदा फोडण्यापेक्षा स्वस्त. आणि आठवड्यातली एक हीट, म्हणजे भट्टीचा एक घाणा, ट्रायलसाठी राखून ठेवा, मालकाने सांगितल्याशिवाय ती कुणी खाणार नाही अशी.

यातच कार्बन पण कमी होतो, ते कसं बघा. यील्ड, म्हणजे वितळवलेल्यातला चांगला माल, ५५ टक्के असेल तर एक टन चांगल्या मालासाठी १८२० किलो वितळवता. रायझर आणि रनर (साच्यात धातू पुरवायच्या वाटा) नीट बसवून तो ६५ टक्के केला तर १५४० किलो. २८० किलो कमी, म्हणजे १६८ युनिट वाचले, म्हणजे जवळपास १२० किलो कार्बन, आणि बिल वाचलं ते वेगळंच. नवीन भट्टीचा एक रुपया न लावता.

कपोला ठेवायचाच झाला तर त्याला डिव्हायडेड ब्लास्ट करून घ्या, म्हणजे हवा दोन ओळींतून द्यायची. टेरी संस्थेने १९९८ मध्ये हावड्याला एका फाउंड्रीत असा बसवून दाखवला, कोक १३.६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आसपास आला. तंत्र इंग्लंडमधलं जुनंच होतं, पण आपल्या कोकची राख, आपल्या पंख्याचा दाब, आपला भंगार बघून माप बदलावं लागलं आणि वेळ गेला तो त्यातच.

प्रश्न: सर मी डिप्लोमा मेटलर्जी थर्ड इयरला आहे, जालन्यात. आमच्या इथे सगळं भंगार आणि स्पंजवर (धातुक न वितळवता काढलेलं लोखंड) चालतं. हायड्रोजनवर स्टील बनवणार असं मी दहावीत असल्यापासून ऐकतोय, अजून एक सळई पण बघितली नाही. एवढं सोपं आहे तर एवढा वेळ का लागतोय? का नुसती जाहिरात आहे?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर: जाहिरात नाहीये रे, पण सोपं पण नाहीये.

तुला एक गंमत सांगतो. हायड्रोजनने लोखंड काढणं हे काही आत्ताचं नाही. त्रिनिदादच्या पॉइंट लिसासला १९९९ च्या सुमारास वर्षाला ५ लाख टन क्षमतेचा प्लांट उभा राहिला होता, सर्कोरेड नावाचा, पूर्ण हायड्रोजनवर (तो हायड्रोजन नैसर्गिक गॅसपासून काढलेला, हिरवा नव्हे). लोखंड निघालं, पण पैशाचं गणित बसलं नाही आणि काही वर्षांत बंद पडला. म्हणजे होतं का हा प्रश्न कधीच संपला, परवडतं का हा उरला.

आता दुसरी गोष्ट ऐक. ऑक्सिजनने पोलाद करायची एलडी पद्धत माहितीय ना, ऑस्ट्रियातल्या लिंझ आणि डोनाविट्झ या गावांवरून नाव पडलं. जून १९४९ मध्ये लिंझला २ टनांच्या भांड्यात ट्रायल सुरू झाल्या, त्याच वर्षी १५ टनांवर गेले, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये कारखाना चालू. साडेतीन वर्षं! आपल्या राउरकेल्याने पण ती लवकर उचलली, १९६० च्या आगेमागे. एवढी घाई कशी जमली? कारण आधीची ब्लास्ट फर्नेस तशीच राहिली, खाण तीच, रोलिंग मिल तीच, मधलं एक भांडं बदललं आणि जुन्या ओपन हार्थ भट्टीला जिथे आठ-दहा तास लागायचे तिथे हीट तासाभरात निघायला लागली. पहिल्या दिवसापासून फायदा. मग बँक पण मागे लागते.

हायड्रोजनमध्ये उलटं आहे, एक भांडं बदलायला गेलं की अख्खी साखळी हलते. कार्बन मोनॉक्साइडने ऑक्साइड फोडताना थोडी उष्णता सुटते, हायड्रोजन मात्र उष्णता खातो, म्हणून गॅस जास्त तापवून आणि जास्त फिरवून द्यावा लागतो. तापमान फार वाढवलं तर पेलेट (धातुकाच्या गोळ्या) एकमेकांना चिकटतात. जो स्पंज निघतो त्यात कार्बन नाही, म्हणजे आर्क फर्नेसमध्ये स्लॅग (वितळलेल्या धातूवरची मळी) फेसाळायला जो कार्बन लागतो तो बाहेरून घालायचा, तो पण परत कोळशाचा नको. धातुक हलकं असेल, ॲल्युमिना-सिलिका जास्त असेल, आपल्याकडे असतंच, तर स्लॅग वाढतो आणि वीज वाढते. आणि एका टनाला ५४-५५ किलो हायड्रोजन, किलोला ५० युनिट जरी धरले तरी २७०० युनिट झाले, नुसता गॅस करायला. तुमच्या जालन्यातल्या भट्टीला भंगार वितळवून टन काढायला याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच लागतात. ती वीज कोळशाची असेल तर कशाला एवढा खटाटोप?

स्वीडनचं हायब्रिट बघ. २०१६ मध्ये तीन कंपन्या एकत्र आल्या, खाणवाली, पोलादवाली आणि वीजवाली. हे तिघं एकत्र आले हेच मला त्यात सगळ्यात हुशारीचं वाटतं, कारण एरवी प्रत्येक जण दुसऱ्याच्या निर्णयाची वाट बघत बसला असता. ऑगस्ट २०२० मध्ये लुलिओला पायलट चालू, २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिलं पोलाद व्होल्वोला दिलं. पाच वर्षांत इथवर, हे वेगात नाही असं कोण म्हणेल? आणि एक शहाणपणा केला, हायड्रोजन साठवायला खडकात १०० घनमीटरची गुहा वेगळी बनवून २०२२ पासून तिची चाचणी घेतली, आधी भट्टी पूर्ण होऊ दे मग साठवणुकीचं बघू असं नाही केलं. वेळ वाचवायचा तो असा. पुढे मोठ्या प्लांटला मात्र तारखा सरकत राहिल्या, कारण तिथे प्रश्न भट्टीचा नाही, विजेच्या लाइनचा, परवानग्यांचा आणि महाग पोलाद घेणार कोण याचा असतो. शेजारच्या बोडेनमध्ये स्टेग्रा म्हणून दुसरी कंपनी पायलटच्या पायऱ्या गाळून थेट मोठा कारखाना बांधायला निघाली, २०२५ मध्ये तिला पैशाची ओढाताण झालेली सगळ्यांनी वाचली. उडी मारली म्हणून चुकलं असं मी म्हणणार नाही, पण मोठ्या मापात चूक सापडली की ती दुरुस्त करायला पण मोठंच माप लागतं.

आपल्याकडे दोन वाटा मला जवळच्या वाटतात. एक म्हणजे चालू भट्टीतच प्रयोग, एप्रिल २०२३ मध्ये टाटा स्टीलने जमशेदपूरच्या ई ब्लास्ट फर्नेसमध्ये ४० टक्के इंजेक्शन यंत्रणेतून सलग चार-पाच दिवस हायड्रोजन सोडून बघितला. याने कोळसा संपत नाही, पण जे शिकायला मिळतं ते नवीन प्लांटची वाट न बघता. दुसरी, गॅसवरच्या स्पंजच्या शाफ्ट भट्ट्या, आपल्या पेण तालुक्यातल्या डोलवीला अशी भट्टी १९९४ पासून आहे. अशा भट्टीत नैसर्गिक गॅसमध्ये थोडा थोडा हायड्रोजन मिसळत नेता येतो, भट्टी पाडावी लागत नाही. तुमच्याकडे येणारा स्पंज मात्र बहुतेक कोळशाच्या रोटरी किल्नचा, तिथे हे जमत नाही.

तू काय करायचंस? प्रोजेक्टला हायड्रोजन घेऊ नकोस, कॉलेजमध्ये सिलिंडर पण देणार नाहीत. जालन्याच्या भंगारातलं तांबं घे. मोटारी, वायरी भंगारात येतात, तांबं वितळल्यावर निघत नाही, साठत जातं आणि गरम रोलिंगला पृष्ठभागावर भेगा पाडतं. दहा गाड्यांचा भंगार प्रकारवार लावून स्पेक्ट्रोचे (धातूची रचना मोजणारं यंत्र) आकडे मांडलेस तरी मिलवाले तुला चहा पाजून नोकरीचं विचारतील.

प्रश्न: मी पुण्यात आयटीमध्ये आहे, मटेरियलसाठी मशीन लर्निंग करते. आमचं मॉडेल एका दुपारी हजारो मिश्रधातू चाळून देतं, त्यातले कमी निकेलवाले, जास्त भंगार चालणारे वगैरे. पण क्लायंटकडे गेलं की दीड वर्ष टेस्टिंगच चालतं. तुम्ही मेटलर्जिस्ट लोक मुद्दाम वेळ लावता का? 🙂
— एक वाचक, बाणेर

उत्तर: ताई, स्मायली टाकलीत म्हणून माफ.

तुम्ही करता ते काम छान आहे आणि गरजेचं आहे. अमेरिकेने २०११ मध्ये मटेरियल्स जीनोम इनिशिएटिव्ह काढलं तेव्हा उद्देशच हा होता की नवीन मटेरियल बाजारात यायचा वेळ अर्धा करायचा. पण तुमची दुपार आणि आमचं दीड वर्ष यातला फरक आळसाचा नाही. फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन थकवायची, एक चाचणी घ्या, १ कोटी आवर्तनं, मशीन सेकंदाला ५० मारते, म्हणजे २ लाख सेकंद, म्हणजे साडेपंचावन्न तास. एका नमुन्यावर भागत नाही, १५ तरी लागतात, एका मशीनवर रात्रंदिवस ३५ दिवस. क्रीपची (उष्णतेत सतत भाराखाली हळूहळू ताणण्याची) १०,००० तासांची चाचणी सव्वा वर्षाच्या आतबाहेर. हे तास कोण कमी करणार? अल्ट्रासॉनिक मशीनवर सेकंदाला २०,००० आवर्तनं होतात, तेच काम आठ-नऊ मिनिटांत, पण नमुना तापतो आणि लहान असतो, म्हणून गिऱ्हाईक त्यावर एकट्यावर सही करत नाही. चाळणीला मात्र चालतं.

तर माझी विनंती अशी की मॉडेलला सगळ्यात चांगला मिश्रधातू विचारू नका, पुढची कुठली चाचणी केली तर सगळ्यात जास्त कळेल ते विचारा. वीस नमुन्यांच्या जागी सात पुरले तर क्लायंटचे महिने वाचतात. आणि भंगाराचा चढउतार मॉडेलमध्ये घाला, एक नेमकी रचना देऊ नका, पट्टा द्या, ०.१ ते ०.२५ टक्के तांबं आलं तरी चालेल असा. भट्टीवाल्याला सोमवारी एक भंगार मिळतो आणि गुरुवारी दुसरा.

प्रश्न: आम्ही साताऱ्याजवळ घर बांधतोय. दुकानदार म्हणतो ही ग्रीन सळई आहे, तीन स्टार, किलोला थोडी महाग. मिस्टर म्हणतात भंगारातली असणार, कच्ची निघेल. घ्यावी का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर: वहिनी, स्टारचा आणि ताकदीचा काही संबंध नाही. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये हे स्टार ठरवले, टनाला २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असेल तरच ग्रीन, त्यात २.० ते २.२ तीन स्टार, १.६ ते २.० चार आणि १.६ च्या खाली पाच. ताकद आयएस १७८६ मध्ये बघायची. ५००डी घ्या, त्यात गंधक आणि फॉस्फरस मिळून ०.०७५ टक्क्यांच्या आत पाहिजे, दुकानदाराकडे मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि सळईवरचा शिक्का त्याच्याशी जुळवा. भंगारातली सळई नीट रिफायनिंग केलेली असेल तर अजिबात कच्ची नसते. सर्टिफिकेट नाही म्हणाला तर पाच स्टार असली तरी नको.

प्रश्न: तुम्ही लोक स्पेक्ट्रो, सिम्युलेशन असं काय काय सांगता. मी ३४ वर्षं कपोला चालवला, उद्यमनगरात. धारेचा रंग बघून आणि वेज तोडून सांगायचो माल कसा निघणार. आता पोरं रिपोर्टची वाट बघत लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) गार करतात. हे कसलं वेगवान?
— एक निवृत्त मेल्टर, कोल्हापूर

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वेज तोडून तुम्ही जे दोन मिनिटांत सांगता ते लॅबच्या कागदावर दुसऱ्या दिवशी येतं, आणि मी वर एवढं पाल्हाळ लावलं ते याच दोन मिनिटांसाठी. फक्त एक अडचण आहे, तुम्ही सांगितलेलं कुणी लिहून ठेवलं नाही, त्यामुळे तुम्ही घरी बसलात आणि सगळं तुमच्याबरोबर गेलं. रंग बघून तापमान सांगताना धुरात आणि दुपारच्या उन्हात चुकतं हे पण तुम्ही मान्य कराल, तिथे इमर्शन थर्मोकपल (वितळलेल्या धातूत बुडवायचं तापमापक) टाकलेलं बरं.

वरचे शिरोलीचे दादा पिग उतरवायच्या ट्रायल घेणार असतील तर त्यांना प्रत्येक पायरीला वेज वाचणारा माणूस लागेलच. दोघांनी हो म्हटलं तर संपादक तुमचा नंबर त्यांना देतील. वेज तोडल्यावर पांढरा भाग किती मिलिमीटर दिसला, काका, तेवढं मात्र पोराकडून वहीत लिहून घ्या, सोबत त्या हीटचा चार्ज आणि वेळ.